आधी पट्टा, मग चावी

"ओढ अजून! तुटायचं असेल तर इथंच तुटू दे. रस्त्यावर नको."

मित्रांनो, मी या जगात आलो तेव्हा कानी पडलेला हा पहिला आवाज. कारखान्यातल्या तपासनीस बाईंचा. आवाज खरखरीत होता, पण त्यात राग नव्हता. लेकराला थंड पाण्याने आंघोळ घालताना आईचा आवाज होतो ना, तसा होता.

मी एक जुना जोडपट्टा आहे. गाडीतला सीटबेल्ट ज्यांच्या अंगाला पुरत नाही, त्यांच्यासाठी मला बनवतात. दुकानात मला एक्स्टेंडर म्हणतात. अंगाने मी जेमतेम वीतभर. एका टोकाला पोलादी जीभ, दुसऱ्या टोकाला बक्कल आणि मध्ये काळा, घट्ट विणलेला पट्टा. माझी जीभ सीटशेजारच्या बक्कलमध्ये बसते आणि गाडीचा पट्टा माझ्या बक्कलमध्ये. म्हणजे एका हाताने मी गाडीला धरतो आणि दुसऱ्या हाताने माणसाला. एवढंच माझं काम. पण ते एकदा करायची वेळ आली तर चुकून चालत नाही.

बाई ज्याला ओढायला सांगत होत्या तो मी नव्हतो. तो माझा जुळा भाऊ. एकाच गुंडाळीतून आम्ही कापले गेलो, एकाच सुईखालून निघालो. त्याला यंत्राच्या दोन जबड्यांत अडकवलं आणि तुटेपर्यंत ताणलं. तो कण्हला नाही. यंत्रच कण्हलं. शेवटी तो तुटला तेव्हा बाईंनी काट्याकडे पाहिलं, मान हलवली आणि माझ्यासकट सगळ्या भावंडांवर शिक्का मारला. त्याच्या तुटण्यावर माझ्या मजबुतीची साक्ष उभी आहे. म्हणून मी तेव्हाच मनाशी गाठ मारली, की धरायची वेळ येईल तेव्हा सोडायचं नाही.

तिथून मी एका गाड्यांच्या कंपनीच्या सुट्या भागांच्या खिडकीवर आलो. खिडकीवर बसायचा त्याला सगळे चष्मेवाला म्हणायचे, कारण त्याचा चष्मा नाकावर कमी आणि कपाळावर जास्त असायचा. फळीवर पडल्या पडल्या मी पुष्कळ गिऱ्हाइकं पाहिली.

एकजण म्हणाला, "ती पट्ट्याची टुणटुण डोकं उठवते राव. नुसतं बक्कलमध्ये खुपसून ठेवायला काहीतरी द्या."

"घंटा तुमच्याच जिवासाठी वाजते," चष्मेवाला म्हणाला. "तिचा गळा दाबायचं सामान मी ठेवत नाही. पट्टा लावा, आपोआप गप्प बसते."

एक आई आली. तिला बाळाच्या सीटसाठी लांब पट्टा हवा होता. चष्मा कपाळावरून नाकावर आला. "बाळाच्या सीटला हा कधीच नाही, ताई. सीट सैल बसेल. सीट बसत नसेल तर दुसरी सीट बघू."

कुणीतरी विचारलं, "हे लावलेलं कायद्यात बसतं का?"

"पट्टा लावा, असं कायदा म्हणतो. जोडपट्ट्याचं मात्र ठिकठिकाणी वेगळं आहे. कुठे चालतो, कुठे अटी आहेत, कुठे नियम याबद्दल बोलतच नाही. म्हणून आपल्याच गाडीच्या कंपनीचा, आपल्याच मॉडेलचा घ्यायचा आणि गाडी तपासणाऱ्याला, विमावाल्याला आधी विचारून ठेवायचं. रस्त्यावरच्या हातगाडीवरून उचललेला कुठल्याही बक्कलमध्ये बसल्यासारखा वाटतो. वाटणं वेगळं आणि बसणं वेगळं."

मग एक दिवस ती आली. गळ्यात मोजपट्टी, कानामागे खडू. शिवणकाम करणारी बाई लांबूनही ओळखू येते. तिने पिशवीतून एक लांबट पट्टा काढून खिडकीवर ठेवला. प्रवासी बॅगेचा पट्टा कापून, दुहेरी टीप मारून, दोन्ही टोकांना बॅगेचीच बक्कलं लावलेली होती.

"हा मी केलाय," ती म्हणाली. "चालेल का, तेवढं सांगा."

चष्मेवाल्याने तो उलटसुलट केला. "शिवण सुरेख आहे हो. कुणासाठी?"

"आमच्या ह्यांच्यासाठी. गाडी शिकवतात ते."

"ते मास्तर? 'आधी पट्टा, मग चावी'वाले?"

"तेच." ती हसली, पण अर्धंच. "सगळ्यांना शिकवतात. स्वतः पाठीमागून लावतात आणि त्याला टेकून बसतात. घंटा गप्प, समोरचा पट्ट्याचा दिवा विझलेला, सगळं कसं शिस्तीत."

"तुम्हाला सांगितलं त्यांनी?"

"ते कसले सांगतात! मला शर्ट सांगतात. गाडीत बसणाऱ्याचा शर्ट छातीवर तिरका झिजतो. ह्यांचा पाठीवर झिजतो. रोज इस्त्री मीच करते ना. आणि पट्टा पुढून का लावत नाहीत, तेही मला माहीत आहे. पुरत नाही. त्यांचं माप माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?"

चष्मेवाल्याने विचारलं, "ओढू का?"

"ओढा."

त्याने एक टोक तिच्या हाती दिलं, दुसरं आपण धरलं आणि एकच हिसका दिला. कट्ट! प्लास्टिकचं बक्कल तुटून मोजपट्टीवर आपटलं.

"माझी टीप नाही उसवली," ती हळूच म्हणाली.

"नाही उसवली. पण हा माझ्या हाताचा हिसका होता. गाडीचा हिसका कसा असतो, ते नका विचारू."

ती तुटक्या बक्कलकडे बघत राहिली. ते तिने पिशवीत टाकलं नाही, मुठीत धरलं. मग मान वर करून म्हणाली, "खरा द्या. काय लागेल ते करून त्यांच्या अंगाला लावीन."

गाडी कोणती, किती साली घेतली, मास्तर कोणत्या बाजूला बसतात, सगळं चष्मेवाल्याने विचारलं. माझ्याहून लांब भाऊ शेजारीच होते. त्यांच्याकडे त्याने पाहिलंही नाही. "पुरेल त्यात सगळ्यात आखूड तोच घ्यायचा. बक्कल कमरेच्या बाजूला राहिलं पाहिजे, पोटावर येता कामा नये. पट्टा हाडावर बसला पाहिजे, मऊ पोटावर नाही. आणि एकाला दुसरा जोडायचा नाही." असं म्हणून त्याने मला खाली घेतलं.

मित्रांनो, माझं नशीब उघडलं असं मला वाटलं. पण नशीब आणि गाडीचा कप्पा, दोन्ही उघडले तरी आत उजेड पडेलच असं नाही.

तिने मला सूचनांच्या कागदासकट गाडीच्या कप्प्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या हाताला लागलो.

"हे काय आणलंयस? घोड्याचा तंग?"

"जोडपट्टा आहे. लागला तर असू द्या."

"मला कशाला लागतोय? मी काय तंबू आहे दोऱ्यांनी ताणून बांधायला?" असं म्हणून त्यांनी मला सीटखाली भिरकावलं.

बाई आपल्या शिवणयंत्राकडे वळली. तिची शिवणाची खोली रस्त्याकडेलाच होती, गाडी उभी राहायची तिथे. यंत्र चालवता चालवता ती गुणगुणायची, ते मला काचेआडूनही ऐकू यायचं:

सुई दोऱ्याला सांगते, चल जाऊ हळूहळू
फाटलं ते झाकू नको, टाका घालू, मग बोलू

सीटखालचे माझे दिवस वाळूत गेले. बुटांची वाळू, पेन्सिलीचे तुकडे, कुणाची तरी केसांची पिन आणि मी. शिकणारी माणसं मी पायांवरून ओळखायला लागलो. थरथरणारे पाय, घाईचे पाय, नव्या बुटांचे पाय. प्रत्येकाला मास्तर पहिल्यांदा तेच सांगायचे, "आधी पट्टा, मग चावी. पट्टा विसरणाऱ्याने माझ्या गाडीतून उतरायचं." आवाज असा कडक, की वाळूसुद्धा दचकायची. आणि मग त्यांच्या पाठीमागे, गुपचूप, एक खट्ट. तो आवाज ऐकला की माझी पोलादी जीभ तोंडातल्या तोंडात वळवळायची. मी इथे वीतभर अंतरावर आहे हो मास्तर, वीतभरच तर कमी पडतंय! पण जीभ असून बोलता येत नाही, हेच तर आमच्या जातीचं दुःख.

कुणी धीट विद्यार्थी विचारायचा, "मास्तर, तुमचा पट्टा मागे का?"

"शिकवणाऱ्याला मोकळं असावं लागतं," असं म्हणून ते खिडकीबाहेर बघायचे.

एकदा एक काडीपैलवान शिकायला आला. सीट पुढे ओढताना त्याचा हात माझ्यावर पडला. "अरे वा! हे लावलं तर पट्टा गळ्याला काचणार नाही." आणि त्याने मला स्वतःच्या बाजूला खुपसायला सुरुवातही केली.

"काढ तो!" मास्तर गरजले. "ज्याला पट्टा पुरतो त्याने हा लावायचाच नाही! सैल राहील, बक्कल पोटात घुसेल. आणि लावून ठेवून विसरलास, तर दुसरा कुणी नुसता बसला तरी दिवा फसेल. काचतं म्हणे! दाराजवळच्या खांबावरची पट्ट्याची कडी खाली सरकव, मान सुटेल."

पोराने मला पटकन काढलं. मी मात्र चकित झालो. मित्रांनो, ही सगळी वाक्यं माझ्या सूचनांच्या कागदावरची होती, शब्दन् शब्द! म्हणजे मला भिरकावणाऱ्या या माणसाने कुठेतरी एकट्याने बसून तो कागद वाचला होता, एकदा नव्हे, पाठ होईपर्यंत. त्या दिवशी त्यांनी मला सीटखाली टाकलं नाही. रुमालाने वाळू पुसली आणि कप्प्यात ठेवलं. लावलं मात्र नाही.

आणि मग एका सकाळी गाडीचं चालकाकडचं दार उघडलं आणि ओळखीचा आवाज आला. मास्तरीणबाई! गळ्यातली मोजपट्टी तशीच.

"मला गाडी शिकायची आहे."

"तुला? या वयात?"

"का? चाळिशी ओलांडली की पाय ब्रेकला पोचत नाहीत का?"

मास्तर हसत हसत शेजारी बसले. पाठीमागे खट्ट झालं. "हं, सांग. पहिलं काय करायचं?"

"आधी पट्टा, मग चावी." तिने आपला लावला.

"शाब्बास. फिरव चावी."

"तुमचा?"

"लावलाय की. दिवा बघ, विझलाय."

"दिवा बक्कलला ओळखतो. तुम्हाला मी ओळखते."

"अगं, वेळ आली तर माझ्या पायाखालचा ब्रेक मला मारावा लागतो. मोकळं नको का बसायला?"

"ब्रेक पायाने मारतात. पोटाने नाही."

चावी जागच्या जागी. बराच वेळ दोघं समोरच्या काचेतून रस्ता बघत बसले. मग ती उतरून आपल्या यंत्रावर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी तीच वेळ, तेच आसन, तीच मुकी चावी. पलीकडच्या भाजीवाल्याला राहवेना. "मास्तरीणबाई, गाडी शिकताय की अंडी उबवताय?"

"उबवतेच आहे," ती काच खाली करून म्हणाली. "बघू या कवच कधी फुटतं."

मास्तर चिडले. "लोक हसताहेत."

"हसू देत. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे कळलं तर जास्त हसतील."

असे किती दिवस गेले, मी मोजले नाहीत. मला एवढंच कळलं, की यंत्रावर ताणूनही न तुटणारी एक शिवण त्या बाईच्या आत होती. ती ओरडली नाही, रडली नाही, शपथ घातली नाही. रोज यायची, पट्टा लावायची, हात मांडीवर ठेवून बसायची.

शेवटी एका सकाळी तिनेच तोंड उघडलं.

"एक ऐका. दर वर्षी तुमच्या पँटींची कंबर मी सोडतेय. शर्टांच्या बाजू सोडतेय. तुम्हाला वाटतं, आपण आहोत तसेच आहोत. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून मी बोलले नाही. शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवलेलं असतं, त्याच्यावर निभत गेलं. गाडीच्या पट्ट्यात तसं काही ठेवलेलं नसतं हो. मीही एक शिवून बघितला होता. एका हिसक्यात तुटला. त्या जागी मला तुम्ही दिसलात. तेव्हापासून यंत्रावर बसलं की माझा टाका सरळ पडत नाही. मला गाडी नाही शिकवली तरी चालेल. पण या गाडीत तुम्ही असे बसलेले असताना मी ती चालू करणार नाही. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही."

बाहेर भाजीवाला ओरडत होता. मग मास्तरांनी कप्पा उघडला. उजेड थेट माझ्या अंगावर आला. त्यांनी पाठीमागचा पट्टा सोडला, पुढे ओढला, माझी जीभ बक्कलमध्ये बसवली, पट्टा माझ्यात बसवला. खट्ट, खट्ट. खालचा पट्टा कमरेच्या हाडावर सरकवला, मला बाजूला नीट बसवलं, ओढून पाहिलं. कागदावर होतं तसंच.

"चल," ते म्हणाले. एवढंच.

चावी फिरली. गाडी रस्त्याला लागली आणि भाजीच्या हातगाडीपुढून एक मांजर सुसाट आडवं गेलं. बाईने घाबरून ब्रेकवर दोन्ही पायांचा भार टाकला. गाडी जागच्या जागी आदळल्यासारखी थांबली. मास्तरांचा सगळा भार पुढे आला, माझ्यावर आला. मला माझा जुळा भाऊ आठवला. मी धरलं. त्यांचं कपाळ काचेकडे झेपावलं आणि तिच्या अलीकडेच थांबलं.

मांजर केव्हाच पसार झालं होतं. मास्तरांचा हात आपोआप कमरेशी आला आणि माझ्यावर थोडा वेळ थांबला.

"क्लच," ते म्हणाले, "तोही दाबायचा असतो."

"बरं," बाई म्हणाली. डोळे तिने पदराने नाही, मोजपट्टीच्या टोकाने पुसले.

तेव्हापासून मी रोज कामावर आहे. गाडीतून उतरताना मास्तर मला काढून कप्प्यात ठेवतात, म्हणजे त्या सीटवर दुसरं कुणी बसलं तर दिवा फसायला नको. पण मित्रांनो, एक सल राहिला. लावलं की ते माझ्यावर रुमाल टाकायचे. विद्यार्थ्यांना मी दिसू नये म्हणून. कुणी विचारलं, तर म्हणायचे, "घाम येतो." मी झाकलेला, पण कामाचा. माझी तक्रार नव्हती, बाईची होती. तिने एवढंच म्हटलं, "लावलात, माझं काम झालं. पण बोलायचं राहिलंय तुमचं." आणि पुन्हा यंत्राकडे वळली.

मित्रांनो, आता मी जुना झालो आहे. कडा किंचित पांढुरल्या आहेत. माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात, गाडीत, शेजारच्या सीटवर कुणी पट्टा नुसता हाताने धरून बसलं असेल, पाठीमागून लावून बसलं असेल, तर हसू नका. त्याला पट्टा नको असतो असं नाही. पुरत नाही, हे सांगायची त्याला लाज वाटते. त्याला आधी गाडीची सीट थोडी मागे घ्यायला सांगा, जाड कोट काढायला सांगा, पट्टा पूर्ण ओढायला सांगा. तरीही पुरला नाही, तरच माझ्या भावंडाला बोलवा. दुसऱ्याच गाडीचा आणू नका, उसवलेला वापरू नका. आणि खऱ्या अपघातात आमच्यापैकी कुणी एकदा सगळा भार झेलला, तर त्याला हळहळ न करता निवृत्त करा. तो तेवढ्यासाठीच जन्मलेला असतो.

काल सकाळची गोष्ट सांगून थांबतो.

बेकरीवाल्या ताई शिकायला आल्या होत्या. धंदा वाढला, पाव पोचवायला स्वतःची गाडी घेतली, म्हणून. अंगाने भरभक्कम, कोपराला पीठ, बोलणं खुसखुशीत. बसताच मास्तर म्हणाले, "आधी पट्टा, मग चावी."

ताईंनी पट्टा ओढला. परत सोडला, परत ओढला. मास्तरांनी सीट मागे घ्यायला लावली. पुन्हा ओढला. जीभ बक्कलपर्यंत येईना. ताईंचा चेहरा भट्टीसारखा लाल झाला.

"कुठेतरी अडकलाय बहुतेक," त्या हसत म्हणाल्या, पण आवाज ओला होता. "जाऊ द्या मास्तर. हातात धरून बसते ना. नाहीतर राहू देच हे शिकणं. माझ्यासारखीला नाही जमायचं." त्यांचा हात दाराच्या कडीवर गेला.

शिवणाच्या खोलीतलं यंत्र थांबलं. खिडकी उघडी होती.

मास्तरांनी एकदा त्या खिडकीकडे पाहिलं, एकदा ताईंच्या कडीवरच्या हाताकडे. मग रुमाल उचलला. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला आणि मला बोटाने वर उचलून धरलं, उजेडात, भाजीवाल्यालाही दिसेन असा.

"दार लावा, ताई. हा माझा आहे, तुम्हाला तुमच्या बाजूचा, तुमच्या मापाचा आणू. तोवर गाडी उभीच राहील, आपण आरसे शिकू." त्यांचा नेहमीचा कडक आवाज एकदा चिरला आणि पुन्हा सरळ झाला. "पट्टा कुठे अडकलेला नाही. पुरत नाही तो. मलाही पुरत नाही."